इशारा कोणी घ्यावयाचा?
(भाषणाची संहिता)



तिळारी धरण सिंधुदुर्ग जिल्ह्यातील दोडामार्ग तालुक्यात आहे; परंतु त्यातून सुटलेले पाणी शापोरा नदीवाटे गोव्यात उतरते. ऑगस्ट २०१९ मध्ये या पाण्यामुळे पेडण्यातील इब्रामपूर, चांदेल आणि डिचोलीतील साळ, मेणकुरे या भागांस पुराचा तडाखा बसला. अशा प्रसंगी इशारा देणे पुरेसे नसते. तो कोणी घ्यावयाचा व घेतल्यावर काय करावयाचे, हेही आधी ठरलेले असावे लागते. संगणकाच्या प्रोग्रॅमपुढेही हाच प्रश्न उभा राहतो.

समजा, नदीची पातळी नोंदविणारा एक प्रोग्रॅम आहे. त्यातील एक थ्रेड मोजमाप घेतो, दुसरा नोंद लिहितो, तिसरा संदेश धाडतो. घर एक, राबणारे हात अनेक. अशा वेळी ऑपरेटिंग सिस्टीमकडून ‘काम आवरा’ असा सिग्नल आला, तर तो कोणास मिळेल? संपूर्ण प्रोग्रॅमला उद्देशून आलेला सिग्नल, ज्याने तो रोखलेला नाही अशा कोणत्याही एका थ्रेडकडे जातो. सिग्नल आल्यावर करावयाची कृती सर्वांना समान असते. तो रोखावा की स्वीकारावा, हे मात्र प्रत्येक थ्रेडपुरते स्वतंत्र असते. १९९५ च्या पोसिक्स थ्रेड मानकात ही व्यवस्था नमूद आहे.

धोका येथेच संभवतो. नोंद लिहिणाऱ्या थ्रेडने वहीला कुलूप घातले असता सिग्नल त्याच्याच हाती पडला आणि सिग्नल हाताळणाऱ्या हँडलरने तेच कुलूप मागितले, तर तो थ्रेड स्वतःचीच वाट पाहत बसतो. प्रोग्रॅम जिवंत दिसतो, पण नोंद थांबलेली असते; पाणी मात्र चढतच राहते.

यावर उपाय सोपा आहे. नवे थ्रेड निर्माण करण्यापूर्वीच मुख्य थ्रेडने सिग्नल रोखावेत. पुढे जन्मणारे थ्रेड तोच निर्बंध वारशाने घेतात. त्यानंतर एकच थ्रेड ‘सिगवेट’ या सोयीने सिग्नलची वाट पाहण्यास नेमावा. म्हणजे इशारा घेणारा निश्चित होतो आणि इतरांचे काम अर्ध्यावर तुटत नाही.

तथापि उपाय योजला म्हणजे तो सिद्ध झाला असे नव्हे. एकदा सिग्नल पाठविला व प्रोग्रॅम नीट बंद झाला, एवढ्याने चाचणी पुरी होत नाही. कारण दोष क्षणावर अवलंबून असतो. पूर्ण भार असताना, निरनिराळ्या क्षणी, हजारो वेळा सिग्नल पाठवावा. कधी तो संपूर्ण प्रोग्रॅमला, तर कधी विशिष्ट थ्रेडला उद्देशून असावा. सिग्नलमुळे मध्येच खंडित झालेले वाचन पुन्हा सुरू होते काय, हे पाहावे. एकच सिग्नल लागोपाठ दहादा पाठविल्यास तो दहाही वेळा पोचेल अशी अपेक्षा धरू नये. साधे सिग्नल रांगेत साठत नाहीत. प्रत्येक फेरीस कालमर्यादा घालावी आणि ती उलटल्यास चाचणी फसली असे समजावे. ‘किल’ हा सिग्नल तर रोखताच येत नाही. म्हणून तो मिळाल्यानंतरही आधीच्या नोंदी शाबूत राहतात की नाही, हे अवश्य तपासावे.

नदीकाठच्या माणसाला प्रोग्रॅमच्या अंतरंगाशी कर्तव्य नसते. मध्यरात्री इशारा वेळेवर पोचला की नाही, एवढेच तो जाणतो. ती मध्यरात्र येण्यापूर्वी, कोरड्या दिवसांत, ही परीक्षा घेतली जावी, हेच या विवेचनाचे सार होय.