होडी परत येते, मग रॉकेट का नाही?

समजा, दर खेपेनंतर होडी मोडून टाकायची आणि पुढच्या खेपेला नवी बांधायची, असं ठरलं तर मासळीचा भाव काय होईल? उपग्रह वर नेणाऱ्या बहुतेक रॉकेटांचं असंच चालत आलं आहे. एकदा उडालं की त्याचे भाग समुद्रात पडतात, नाहीतर जळून जातात.

तेच यान परत आणून पुन्हा वापरायचं, यासाठी आपली इस्रो झटते आहे. २३ मे २०१६ रोजी श्रीहरिकोट्याहून पंखांचं एक छोटं यान ६५ किलोमीटर उंच गेलं आणि बंगालच्या उपसागरात उतरलं. पुढे कर्नाटकात चित्रदुर्ग जिल्ह्यात ‘पुष्पक’ हेलिकॉप्टरने साडेचार किलोमीटर उंच नेऊन सोडलं. आत चालक नव्हता, तरी ते आपलं आपण धावपट्टीवर उतरलं. एप्रिल २०२३, मार्च २०२४ आणि जून २०२४, अशा तीन चाचण्या झाल्या. दुसऱ्या चाचणीतलंच यान तिसऱ्या वेळी वापरलं. अवकाशात जाऊन परतण्याची खरी परीक्षा मात्र पुढेच आहे.

पण परत आलं म्हणजे स्वस्त झालं का? अमेरिकेची शटल यानं १९८१ ते २०११ पुन्हा पुन्हा उडाली. उष्णता अडवणाऱ्या त्यांच्या हजारो फरशा दर फेरीनंतर तपासाव्या लागत. खर्च काही उतरला नाही. तिथल्याच फाल्कन रॉकेटचा खालचा टप्पा २०१७ पासून पुन्हा उडतो आहे, आणि तिथे खर्च उतरला. गटाने गिरणी घेतली तर आपणही हेच बघतो ना? दुरुस्ती कमी आणि दळण भरपूर, तरच ती परवडते.

याच्याशी आपला काय संबंध? ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ वादळाने आपल्या किनाऱ्यावरच्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या केल्या. ते समुद्रात असतानाच उपग्रहाच्या चित्रांत दिसलं होतं, म्हणून हजारो माणसं आधी हलवता आली. मासळी कुठे मिळेल हा सल्लाही उपग्रहांच्या माहितीवरूनच मिळतो. उपग्रह जुने होतात, बदलावे लागतात. वर नेण्याचं भाडं उतरलं, तर नवे पाठवणं सोपं होईल.

पुढच्या बैठकीत एवढं ठरवूया: इशारा आला की फोन नसलेल्या घरी आणि एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांकडे कोण जाणार? नावं वहीत लिहून ठेवूया. उपग्रह काही दार ठोठावत नाही, ते काम आपलंच आहे.