गेजमध्ये न बसणारे जीव



परग्रहावरच्या जीवांचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: ते आहेत का? आज मला त्याच्या अलीकडचा प्रश्न घ्यायचा आहे. ते असले, अगदी आपल्या डोक्यावर असले, तर आपल्याला कळेल का? ‘जीव सापडला नाही’ या वाक्यात जीवापेक्षा आपल्या कसोटीचीच माहिती जास्त असते, असे माझे म्हणणे आहे. आणि त्या कसोटीतून काय निसटते हे दाखवण्याचे काम चांगली विज्ञानकथा प्रयोगशाळेच्याही आधी करू शकते. महाळुंग्याच्या एमआयडीसीत क्वालिटीला असणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. गो–नो गो प्लग गेज भोकाचा व्यास तपासतो. गो बाजू आत गेली, नो-गो अडली, की पार्ट ओके. ओतकामाच्या पोटात पोकळी राहिली असेल तर गेज गप्प राहतो. त्यासाठी एक्स-रे लागतो, आणि एक्स-रे काढायचा तर आधी कोणाच्या तरी मनात पोकळीची शंका यावी लागते.

आता आपल्याकडचाच एक प्रयोग घेऊ. एप्रिल 2005 मध्ये हैदराबादहून एक भलामोठा फुगा आकाशात सोडला. इस्रोच्या या प्रयोगाचे नेतृत्व खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांकडे होते. फुग्याखालच्या निर्जंतुक केलेल्या नळ्यांमध्ये 20 ते 41 किलोमीटर उंचीवरची हवा गोठवून भरली गेली. हैदराबादची सीसीएमबी ही संशोधन संस्था आणि पुण्याची राष्ट्रीय पेशीविज्ञान संस्था यांनी ती तपासली. जीवाणूंच्या 12 आणि बुरशीच्या 6 वसाहती वाढल्या. त्यांतले तीन जीवाणू विज्ञानाला नवे होते आणि अतिनील किरणांपुढे त्यांच्या जवळच्या भावंडांपेक्षा जास्त तग धरणारे होते. 2009 साली त्यांची नावे जाहीर झाली: जॅनिबॅक्टर हॉयली, बॅसिलस इस्रोनेन्सिस आणि बॅसिलस आर्यभट्टाय. ते पृथ्वीबाहेरून आले असे मात्र यावरून सिद्ध होत नाही, हे इस्रोने त्याच वेळी सांगितले. ती सावधगिरी रास्त होती. पुढे आर्यभट्टाय मध्य भारतातल्या सोयाबीनच्या मुळांजवळच्या काळ्या मातीतही सापडला.

पण या प्रयोगाची खरी मेख वसाहतींच्या मोजणीच्या आधीच आहे. नमुन्यात जीव आहे हे कशावरून ठरले? तो आपल्या बशीत, आपण दिलेल्या खाद्यावर वाढला यावरून. तो कोण हे कशावरून ठरले? त्याचे जनुक पृथ्वीवरच्या जीवांच्या जनुकांशी ताडून पाहिले यावरून. म्हणजे पाहुणा आपल्यासारखा असेल तर तो इथलाच ठरणार आणि आपल्यासारखा नसेल तर बशीत उगवणारच नाही. दोष शास्त्रज्ञांचा नाही. हातात जी कसोटी होती ती त्यांनी चोख लावली.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे: जे कशानेच सापडत नाही ते मानायचे तर मग भूतही माना आणि पत्रिकाही माना. आक्षेप वजनदार आहे, पण त्यात दोन गोष्टींची सरमिसळ झाली आहे. आजच्या साधनांना न सापडणे वेगळे आणि कोणत्याही साधनाला कधीच न सापडण्याची सोय करून ठेवणे वेगळे. पहिल्याचे उदाहरण गोबरगॅसच्या टाकीत आहे. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठधामात मैल्यापासून निघणारा वायू 1897 पासून वापरला जात होता. तो मिथेन बनवणारे सूक्ष्मजीव सूक्ष्मदर्शकाखाली दिसत आणि जीवाणूंच्या खात्यात जमा होत. 1977 मध्ये कार्ल वूझ यांनी त्यांच्या आरएनएची तुलना केली, तेव्हा कळले की ही जीवसृष्टीची निराळीच शाखा आहे. आज तिला आर्किया म्हणतात. 80 वर्षे ते आपले काम करत होते आणि आपण त्यांना भलत्याच नावाने ओळखत होतो. दुसऱ्या प्रकाराशी कसे वागायचे हेही नारळीकरांनीच दाखवले. त्यांनी आणि नरेंद्र दाभोलकर यांच्यासारख्या सहकाऱ्यांनी 2008 मध्ये 27 ज्योतिषांपुढे हुशार आणि मतिमंद मुलांच्या पत्रिका ठेवल्या. बरोबर उत्तरे निघाली 46 टक्के. नाणे उडवले असते तरी याहून वाईट झाले नसते. परग्रहवासीयांच्या कथा लिहिणाऱ्या माणसानेच ही चाचणी घेतली, यात मला काहीच विसंगती दिसत नाही. कल्पनेने पुढची चाचणी सुचवावी, ही अट दोन्हीकडे एकच आहे.

दुसरा आक्षेप असा की, माणसाने कितीही कल्पना केली तरी त्याचा परग्रहवासी म्हणजे हिरवा रंग फासलेला माणूसच. पुष्कळ चित्रपटांच्या बाबतीत हे खरेच आहे. पण नारळीकरांचे गुरू फ्रेड हॉइल यांची 1957 ची कादंबरी ‘द ब्लॅक क्लाउड’ पाहा. सूर्याकडे येणारा वायूचा प्रचंड ढग खगोलशास्त्रज्ञांना दिसतो, त्याचे वस्तुमानही मोजता येते. तो जिवंत आहे हे मात्र दुर्बिणीने कळत नाही. आपण सोडलेल्या रेडिओलहरींना तो प्रतिसाद देतो, तेव्हा कुठे शंका येते. त्याहून मला महत्त्वाचे वाटते ते ढगाचे आश्चर्य: घन ग्रहावर बुद्धिमान जीव असू शकतात, हे त्यालाच नवल वाटते! त्याच्या कसोटीत आपण बसत नव्हतो. मराठीत विज्ञानकथेच्या परंपरेला बळ मिळाले ते 1974 मध्ये. मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने आलेली ‘कृष्णविवर’ ही कथा पहिली आली. तो लेखक म्हणजे नारळीकरच. 20 मे 2025 रोजी ते गेले. त्यांच्या नंतरच्या पिढीच्या मराठी विज्ञानकथेत यंत्रमानव मुबलक आहेत. अनोळखी जीवाचा असा कठोर विचार त्या मानाने फार थोडा दिसतो.

महाळुंग्याहून नाशिक रस्त्याने नारायणगावला गेलात की जवळच खोडदला जीएमआरटी ही रेडिओदुर्बीण आहे: 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या, ठरावीक रेडिओपट्ट्यांत आकाश ऐकणाऱ्या. दरवर्षी राष्ट्रीय विज्ञान दिनाला, 28 फेब्रुवारीच्या सुमारास, तिथे विज्ञान प्रदर्शन भरते. मुलांना घेऊन जरूर जा. या तबकड्या काय ऐकतात हे तिथे कोणीही सांगेल. काय ऐकू शकत नाहीत, तेही मुलांना विचारायला सांगा.