परदेशी जाणाऱ्या लेकी आणि आपण

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी भाषण करणारी बाई नव्हे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. दरवर्षी वर्धापनदिनाला मी पोहे करते आणि मागे जाऊन बसते. यंदा अध्यक्षबाई म्हणाल्या, "पोहे दुसरी कुणी करील, तुम्ही चार शब्द बोला." विषय मात्र मी मागून घेतला आहे. तो ऐकायला बरा वाटणारा नाही, म्हणून आधीच आपली क्षमा मागते. परदेशातल्या बारमध्ये, रात्रीच्या क्लबांत कामाला जाणाऱ्या आपल्या मुलींविषयी मला बोलायचे आहे.

निमित्त असे झाले. श्रावणात आमच्या गल्लीतली एक मुलगी घरी आली. वय २२. हातात एक छापील कागद होता. म्हणाली, "काकू, जपानमध्ये काम मिळते आहे. नाचायचे वगैरे काही नाही. क्लबात येणाऱ्या पाहुण्यांशेजारी बसायचे, गोड बोलायचे, पेला भरून द्यायचा. महिन्याला दोन लाख." एजंटाला आधी दीड लाख द्यायचे होते आणि तूर्त पर्यटकाच्या व्हिसावर जायचे होते. पुढचे तिथे पोचल्यावर बघू, असे त्याने सांगितले होते.

ती माझा सल्ला घ्यायला आली नव्हती. माझ्या धाकट्या नणंदेला भेटायला आली होती. का, ते गल्लीला ठाऊक आहे. फक्त मोठ्याने कुणी बोलत नाही. आज वन्सं इथेच बसल्या आहेत. त्यांची परवानगी घेऊनच मी उभी राहिले आहे. त्या म्हणाल्या, "सगळे सांगा, वहिनी. पण तुमचा भागसुद्धा सांगा."

आमचे सासरे लालबागला गिरणीत होते. १९८२ च्या संपानंतर गिरणी सुटली, पुढे खोलीही सुटली आणि घर विरारला आले. आपल्या इथल्या कितीतरी घरांची हीच कथा आहे. वन्संचा गळा गोड. गणपतीत त्यांनी भजन धरले की बाकीच्या आळीतले लोक ऐकायला यायचे. लग्न झाले, मूल झाले आणि मूल वर्षाचे व्हायच्या आत नवऱ्याने त्यांना टाकले. त्या माहेरी आल्या. कुणाच्या तरी ओळखीने मुंबईच्या एका बारमध्ये ऑर्केस्ट्रात गाऊ लागल्या. शेवटच्या विरार गाडीने यायच्या.

ऑगस्ट २००५ मध्ये आपल्या सरकारने बारमधल्या नाचावर बंदी आणली. पाऊण लाख बायांचा रोजगार गेला, असे तेव्हा कोर्टात सांगितले गेले. एप्रिल २००६ मध्ये मुंबई हायकोर्टाने ती बंदी रद्द ठरवली आणि जुलै २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो निकाल कायम केला. पण निकाल लागेपर्यंत पोट थांबत नाही. गाण्यावर बंदी नव्हती, तरी गिऱ्हाईक तुटले आणि वन्संची कमाई तिसऱ्या हिश्श्यावर आली. त्या सुमारास पुष्कळ मुली दुबईला, बहरीनला गेल्या. २००६ मध्ये वन्संही तीन महिन्यांसाठी दुबईला गेल्या. पोर चार वर्षांचे होते. ते माझ्याजवळ ठेवले.

तिथे काय होते, ते त्यांनी मला पुष्कळ वर्षांनी, एका रात्री तांदूळ निवडताना सांगितले. एका खोलीत आठ मुली. रात्री नऊला गाडी न्यायला यायची आणि पहाटे तीनला परत आणून सोडायची. दाराशी माणूस, एकटीने बाहेर पडायचे नाही. हॉटेलात गल्ल्यावर प्लॅस्टिकच्या फुलांचे हार विकायला असत. गिऱ्हाइकाने हार विकत घ्यायचा आणि आवडलेल्या मुलीला पाठवायचा. कुणाला किती हार आले ते वहीत लिहिले जाई. महिन्याचा आकडा भरला नाही तर पगार कापला जाई. आकडा भरायचा तर गिऱ्हाइकाशी दिवसभर फोनवर गोड बोलायचे, त्याला पुन्हा यायला लावायचे. विमानाचे तिकीट, कपडे, खोली, सगळे पगारातून वळते. समुद्र पाहिला तो एकदाच, गाडीच्या काचेतून. "वहिनी, अर्नाळ्याचा समुद्र बरा. वाळूत पाय तरी ठेवता येतो," असे म्हणाल्या.

आता त्या मुलीकडे येते. वन्संनी तिला रागे भरले नाही, उपदेशही केला नाही. चहा दिला, कागद वाचला आणि प्रश्न विचारले. ते प्रश्न मी लिहून आणले आहेत, कारण ते प्रत्येक आईला पाठ असावेत असे मला वाटते.

पहिला प्रश्न, कोणत्या व्हिसावर? पर्यटक म्हणून जाऊन पैसे घेऊन काम करणे जपानमध्ये कायद्याने बंद आहे. शिकायला गेलेल्या मुलींनाही अशा क्लबात कामाची मुभा नाही. आमच्या भाच्याने मोबाइलवर शोधून सगळे वाचून दाखवले. पूर्वी फिलिपीन्समधून बाया कलाकाराच्या व्हिसावर जपानला जात. २००४ या एका वर्षात ८० हजारांवर माणसे त्या वाटेने गेली आणि त्यांत बहुतेक बायाच. गायिका म्हणून नेलेल्या कित्येकींना गिऱ्हाइकांशेजारी बसवले जाई. त्यावर जगभर ओरड झाली आणि २००५ पासून जपानने नियम कडक केले. बिनकागदाची बाई पकडली गेली तर तुरुंग आणि परत पाठवणी तिच्या नशिबी येते. म्हणूनच तिला लुबाडले तरी ती पोलिसांकडे जाण्याचे धाडस करीत नाही, आणि हे मालकाला चांगले ठाऊक असते.

दुसरा प्रश्न, एजंटाचा सरकारी नोंदणी क्रमांक काय? परदेशी नोकरीला माणसे पाठवणाऱ्याला १९८३ च्या कायद्याप्रमाणे परवाना लागतो आणि त्याने ३० हजार रुपये व वर जीएसटी यापेक्षा जास्त फी घ्यायची नाही. दीड लाख म्हटले की तिथेच उठावे. माझ्यासारख्या दहावी न झालेल्या बाईला आखातासह १८ देशांत नोकरीला जायचे तर सरकारी कचेरीची मंजुरी लागते. ती टाळण्यासाठीच एजंट पर्यटकाचा व्हिसा पुढे करतात. जपान त्या १८ देशांत नाही, तेव्हा तिथे आपली आपणच तपासणी करायची.

तिसरा प्रश्न, पासपोर्ट कुणाच्या कपाटात राहणार? पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता. मालकाने तो काढून घेणे दुबईतही बेकायदा आहे. तरी वन्संचा पासपोर्ट दर खेपेला मालकाच्याच कपाटात होता.

चौथा प्रश्न, पगार ठरलेला की हारांवर? जपानी क्लबातही नाव वेगळे, रीत तीच. पाहुण्याने किती पेले मागवले, किती वेळा तुझे नाव घेऊन आला, क्लबच्या वेळेआधी तू त्याच्याबरोबर जेवायला गेलीस का, यावर कमाई, आणि कमी पडले की दंड. वन्सं तिला म्हणाल्या, "गोड बोलायचे म्हणजे काय, हे तुला वाटते तितके सोपे नाही. नाही म्हणायची सवय मोडते, बाळ."

मुलगी गप्प होती. मग वन्संनी पाचवा प्रश्न विचारला. "आणि तिथून फोन केलास, की मला यायचे आहे, तर घरचे काय म्हणतील?"

मी स्वयंपाकघरात मेथी निवडत होते. माझा हात जागच्या जागी थांबला.

आता माझा भाग सांगते. २००८ मध्ये वन्सं तिसऱ्यांदा गेल्या होत्या. तेव्हा आमच्या घराचे पत्रे काढून स्लॅब टाकायचे काम चालू होते. एका दुपारी त्यांचा फोन आला. रडत नव्हत्या. हळू आवाजात म्हणाल्या, "वहिनी, दोन महिने पगार नाही. पासपोर्ट देत नाहीत. काहीतरी करून मला परत बोलवा." मी काय म्हटले असेल? मी म्हटले, "वन्सं, कंत्राटदाराचा हप्ता राहिला आहे. एवढे तीन महिने काढा. अशा मधेच परत आलात तर लोक काय म्हणतील?"

पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग "बरं" म्हणाल्या आणि फोन ठेवला.

त्यांनी ते महिने काढले. व्हिसाची मुदत संपली तेव्हाच त्यांना विमानात बसवले, तेही अर्ध्या पगारावर. त्या महिन्यांत काय झाले ते त्यांनी मला सांगितलेले नाही आणि विचारण्याचा मला हक्क नाही. मालकाने त्यांचा पासपोर्ट कुलपात ठेवला हे खरे. पण घरचे दार मी लावले होते. आज ज्या स्लॅबखाली मी झोपते, तो त्या पैशांचा आहे.

आणि परत आल्यावर आम्ही काय केले? संक्रांतीला आमच्या घरी हळदीकुंकू होते. मी त्यांना म्हटले, "तुम्ही दमला असाल, आत पडा." त्या आत बसून तिळगूळ वळत राहिल्या आणि मी बाहेर येऊन तो वाटला.

भगिनींनो, वसईच्या घराघरांतून माणसे आखातात गेली, बोटीवर गेली. पुरुष परत आला की गल्ली सामान उतरवायला धावते. त्याने तिथे कुणाचे बोलणे खाल्ले हे कुणी विचारत नाही. बाई परत आली की आपण तिच्या बांगड्या मोजतो आणि मग कुजबुजतो. तिचा पैसा आपल्याला चालतो, पोरांची फी त्यातून भरलेली चालते, तिला मात्र पाटावर बसवायला आपण कचरतो. अशा घरी ती फोन कशाला करील? आणि फोन करणार नाही, हे ठाऊक असलेल्या मुलीच एजंटाला हव्या असतात.

मुलींना बाहेर पाठवूच नका, असे मी म्हणत नाही. जपानला जायच्या सरळ वाटाही आहेत. जानेवारी २०२१ मध्ये आपल्या आणि जपानच्या सरकारांत करार झाला आहे. जपानी भाषेची आणि कामाची परीक्षा देऊन म्हाताऱ्या माणसांच्या शुश्रूषेसारखी कामे रीतसर व्हिसावर मिळू शकतात. वेळ लागतो, कष्ट पडतात. ती मुलगी त्या दिवशी कागद घेऊन थोडी घुश्शातच गेली. पुढे काय करील ते मी सांगू शकत नाही. पण परवा येऊन भाच्याला भाषेच्या वर्गाची चौकशी करायला सांगून गेली. एजंटाला पैसे अजून दिलेले नाहीत.

मंडळाला माझ्या दोन विनंत्या आहेत. पहिली, आठवड्यातून एक दुपार आपल्या खोलीत दोघीजणींनी बसावे आणि परदेशी जाणाऱ्या मुलीचा कागद वाचून द्यावा. वन्सं बसायला तयार आहेत. सरकारचा मोफत फोन १८००-११-३०९० हा फळ्यावर लिहून ठेवावा. अडकलेल्यांसाठी २०१५ पासून परराष्ट्र खात्याची 'मदद' ही सोय मोबाइलवर आहे आणि दुबईत प्रवासी भारतीय सहायता केंद्र आहे. २००८ मध्ये मला यातले काही ठाऊक नव्हते. पण खरे सांगते, मी शोधलेही नव्हते.

दुसरी विनंती, येत्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला जी जी परत आलेली आहे तिला घरी जाऊन बोलावणे करावे. कुठे होतीस, काय करीत होतीस, हे विचारू नये. आमच्या घरच्या हळदीकुंकवाला यंदा पहिले वाण वन्संच्या ओटीत पडेल. ते १७ वर्षे उशिरा आहे, हे मला ठाऊक आहे.

बोलताना काही चुकले असेल तर पदरात घ्यावे.