अर्ध्या सेकंदाचा उशीर

व्यासपीठावरील मान्यवर आणि दोन्ही कोपरांना उतरून आलेल्या मित्रमैत्रिणींनो,

दोन्ही म्हणायचं कारण, दिवा-वसई मार्गाचं अप्पर कोपर वर आणि मेन लाइन खाली, असं आमचं दुमजली स्टेशन. जलद लोकल इथं थांबत नाही. तरी तुम्ही वेळेवर आलात, तेव्हा सगळ्यांचं मनापासून स्वागत.

स्वागताध्यक्ष म्हणून पैसेवाला धरायचा, ही संमेलनांची जुनी रीत. २०१७ साली डोंबिवलीत ९०वं साहित्य संमेलन भरलं, तेव्हा मांडवातली खुर्ची पुसायचीही माझी पत नव्हती. यंदा समितीनं संगणक दुरुस्त करणारा धरलाय. देणगी म्हणून मी तीस एक्स्टेंशन बोर्ड दिलेत. जाताना मोजून घेणार आहे.

सकाळच्या गाडीत तुमच्या गप्पा कानावर पडतात. कुणाला किती फंडिंग मिळालं, कुठल्या मॉडेलमुळे कुणाची नोकरी जाणार. ठाण्याला उतरून ऐरोलीची गाडी धरेपर्यंत तुम्ही तीन कंपन्या बुडवून दोन उभ्या केलेल्या असतात! ऐकायला मजा येते, पण माझ्या डोक्यात बसलेली बातमी वेगळी आहे.

मार्च २०२४. आंद्रेस फ्रॉइंड हा पोस्टग्रेस डेटाबेसवर काम करणारा इंजिनिअर आपली मोजमापं घेत होता. एसएसएच लॉगिनला सुमारे ०.३ सेकंद लागायचा, तिथं ०.८ लागू लागला. दुसरा कुणी चहा प्यायला गेला असता. हा खोदत बसला आणि एक्सझेड नावाच्या, फायली दाबून लहान करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये मुद्दाम ठेवलेलं चोरदार त्याला सापडलं. तो प्रोग्रॅम मुख्यतः एकटा माणूस फुकट सांभाळत होता. मदतीच्या नावाखाली कुणीतरी दोनेक वर्षं गोड बोलून त्याचा विश्वास मिळवला होता. २९ मार्चला फ्रॉइंडनं हे जाहीर केलं, म्हणून जगभरचे लिनक्स सर्व्हर थोडक्यात बचावले.

हे वाचून मला माझंच एक गिऱ्हाईक आठवलं. ‘भाऊ, फोटो उघडायला जरा वेळ लागतो,’ एवढीच त्यांची कुरबूर. मी पंख्यावरची धूळ झटकली, शंभर रुपये घेतले. पंधरा दिवसांत हार्ड डिस्क बसली. आत मुलीच्या लग्नाचे फोटो होते. शंभर रुपये परत केले, पण आजही ते समोरून आले की मी फुटपाथ बदलतो.

पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करणारे कैलास काटकर माझ्यापेक्षा हुशार. दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांत पुन्हा पुन्हा व्हायरस दिसतो, हे त्यांनी हेरलं. धाकट्या भावानं, संजयनं, त्यावर प्रोग्रॅम लिहिला. पुढचं क्विक हील तुम्हाला ठाऊकच आहे.

म्हणून एक विनंती. फंडिंगच्या गोष्टी जेवताना खुशाल करा. इथं माइकवर आलात की तुमच्याकडे काय बिघडलं, पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आलं आणि त्याला ‘चालतंय रे’ म्हणून कुणी गप्प केलं, ते सांगा. कंपनीचं नाव गाळलंत तरी चालेल.

जेवायला तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं आहे. सुकट खाणाऱ्यांची पंगत डावीकडे. वाय-फायचा पासवर्ड फळ्यावर लिहिलाय. संथ वाटलं तर मागच्या टेबलावर मीच बसलोय. फक्त येताना किती सेकंद लागले, ते मोजून या.