बॉयलरचं पाणी आणि ऐंशी पिढ्या
(मेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळच्या सत्रात केलेलं भाषण)



‘तू नक्की करतोस काय?’ हा प्रश्न कालपासून मला बऱ्याच जणांनी विचारला. ‘इन्स्ट्रुमेंटेशन’ असं उत्तर दिलं की समोरचा मान डोलावतो आणि मुलांची चौकशी सुरू करतो. म्हणून संयोजकांनी दिलेल्या पंधरा मिनिटांत मी एकच काम सांगणार आहे. साखर कारखान्याच्या बॉयलरमधलं पाणी ठरलेल्या पातळीवर ठेवायचं, आणि त्यासाठी जीवशास्त्राच्या तासाला शिकलेली उत्क्रांती कामाला लावायची.

बॉयलरच्या वरच्या भागात एक ड्रम असतो, साधारण निम्मं पाणी आणि निम्मी वाफ. पाणी फार खाली गेलं तर नळ्या कोरड्या पडून जळतात. फार वर आलं तर वाफेबरोबर पाणी टर्बाइनमध्ये जातं आणि पात्यांची वाट लागते. पातळी उतरली की व्हॉल्व्ह उघडा, चढली की बंद करा, एवढंच ना? पण इथं पाणी फसवतं. टर्बाइननं अचानक जास्त वाफ ओढली की ड्रममधला दाब उतरतो, पाण्यातले बुडबुडे फुगतात, आणि पाणी कमी होत असतानाच पातळी वर चढलेली दिसते. उतू जाणारं दूध आठवा. भांड्यात दूध वाढलेलं नसतं. नुसत्या पातळीवर विश्वास ठेवणारा कंट्रोलर अशा वेळी, ऐन गरजेला, पाणी तोडतो. ऊस संपला, मिल थांबली, की नेमकं उलटं: बुडबुडे आक्रसतात आणि पाणी भरपूर असूनही पातळी खाली दिसते. म्हणून मोठ्या बॉयलरवर बाहेर जाणारी वाफ आणि आत येणारं पाणी हेही मोजतात. एक कंट्रोलर पातळी सांभाळतो, त्याच्या हाताखालचा दुसरा पाण्याचा प्रवाह.

हे कंट्रोलर पीआयडी जातीचे. नावाला घाबरू नका. निकोलस मिनॉर्स्की या अभियंत्यानं १९२२ साली जहाजाच्या सुकाणूवर एक लेख लिहिला. त्याच्या लक्षात आलं होतं, की चांगला सुकाणूधारी तीन गोष्टी पाहतो: जहाज आत्ता किती भरकटलंय, आतापर्यंत किती काळ भरकटत आलंय, आणि किती वेगानं भरकटतंय. पीआयडी म्हणजे हेच तीन हिशेब. प्रत्येकाला किती वजन द्यायचं ते तीन आकड्यांनी ठरतं, आणि ते आकडे शोधण्याला ट्युनिंग म्हणतात. आमचा धंदा त्यावर चालतो.

आकडे काढायची पहिली नामांकित रीत झिग्लर आणि निकोल्स यांनी १९४२ मध्ये दिली. कंट्रोलरचा जोर वाढवत न्या, यंत्रणा एका लयीत हेलकावायला लागली की थांबा, जोर आणि हेलकाव्याचा काळ टिपा, बाकी सूत्रात घाला. सुंदर रीत आहे, आजही शिकवतात. पण पेटलेल्या बॉयलरमध्ये ड्रमची पातळी मुद्दाम हेलकावत ठेवायची परवानगी कोणता चीफ इंजिनिअर देईल? मी असतो तर दिली नसती.

मग आम्ही बॉयलरचं गणिती प्रतिरूप लॅपटॉपवर करतो, कारखान्यातल्याच नोंदी वापरून. दोन कंट्रोलर मिळून पाच आकडे. प्रत्येकाच्या शंभरच किमती धरल्या तरी जोड्या होतात एक हजार कोटी. सगळ्या तपासणं अशक्य. जिथं चढ दिसेल तिकडं चालत राहा, ही साधी रीत धुक्यात फसते. कळसूबाईला निघालेला माणूस धुक्यात नुसता चढ धरून गेला, तर बाजूच्या टेकाडावर पोचून ‘आलं शिखर’ म्हणेल.

इथं उत्क्रांती येते. १९६०च्या दशकात बर्लिनमध्ये रेखेनबर्ग आणि श्वेफेल, आणि अमेरिकेत जॉन हॉलंड, या मंडळींनी ही कल्पना वेगवेगळ्या वाटांनी मांडली. पाच आकड्यांचा एक संच म्हणजे एक जीव. असे साठ जीव चिठ्ठ्या टाकल्यासारखे निवडायचे. प्रत्येकाला प्रतिरूपातला बॉयलर अर्धा तास चालवायला द्यायचा, मध्येच मिल थांबवायची, आणि गुण द्यायचे. जास्त गुणवाल्यांच्या जोड्या लावायच्या. अपत्याला आईकडून दोन आकडे, वडिलांकडून तीन. मधूनच एखादा आकडा उगाच थोडा बदलायचा, नाहीतर सगळे एका साच्याचे होतात. सर्वांत हुशार जीव मात्र जसाच्या तसा पुढच्या पिढीत. साठ जीव, ऐंशी पिढ्या, म्हणजे चार हजार आठशे बॉयलर. जेवून येईपर्यंत लॅपटॉपचं काम झालेलं असतं.

या कल्पनेची पुढं पिलावळ फार झाली. १९९५मध्ये पक्ष्यांच्या थव्यावरून एक पद्धत आली, ती खरोखर उपयोगी आहे. नंतर कोकिळा, वटवाघूळ, लांडगा, देवमासा... पंचतंत्र कमी पडावं! प्रत्येक लेखात नवा प्राणी जुन्या प्राण्याला हरवतो, आणि तोही बहुधा संगणकावरच. माझ्या मते कोणता प्राणी घेतला यानं फारसं बिघडत नाही. गुण कशाला दिले, यानं बिघडतं.

एका कारखान्यात हे काम करताना मी दोन उत्तरं काढली होती. पहिल्यात गुण फक्त एका गोष्टीला: पातळीतली तफावत किती आणि किती वेळ राहिली. आलेख असा आला की पाहत राहावं, पातळी जणू फुटपट्टीनं आखलेली. तो मी तिथल्या जुन्या बॉयलर अटेंडंटला दाखवला. पंचवीसेक हंगाम त्यांनी त्या काचेसमोर काढलेले. त्यांनी पातळीच्या रेघेकडं पाहिलंच नाही. खालची व्हॉल्व्हची रेघ बोटानं दाखवून म्हणाले, “साहेब, ह्यो असा नाचाय लागला तर ग्लँड आठ दिवसांत गळतीय. आन् रात्री ओला बगॅस आला की मग?”

दोन वाक्यांत तीन-चार महिन्यांचं काम होतं. बगॅसमध्ये निम्म्याच्या आसपास पाणीच असतं. ते थोडं वाढलं तरी आग मंदावते, दाब उतरतो आणि बुडबुड्यांचा खेळ सुरू होतो. शिवाय त्यांचा व्हॉल्व्ह आधी अडकायचा आणि मग झटक्यानं सुटायचा; तेही त्यांनीच दाखवलं, दांड्यावर हात ठेवायला लावून. दुसऱ्या उत्तरासाठी गुणांचा तक्ता आम्ही दोघांनी बसून केला. व्हॉल्व्ह जितका हलेल तितके गुण वजा. खालच्या धोक्याच्या खुणेजवळ गेला की जबर दंड. चाचणी पूर्ण भारावर, अर्ध्या भारावर आणि ओल्या बगॅसवर. अडकणारा व्हॉल्व्ह धरूनच. जो जीव तिन्हींत तगेल तो खरा. दुसरा आलेख पहिल्याइतका देखणा नव्हता. पातळी थोडी डुलायची, पण सावकाश, आणि व्हॉल्व्ह शांत.

आधी ते रात्रपाळीत तो कंट्रोलर मॅन्युअलवर टाकून स्वतःच्या हातानं पाणी सांभाळत. बऱ्याच कारखान्यांत असंच चालतं; महागाचा कंट्रोलर बसवलेला असतो आणि माणूस रात्रभर काचेला डोळे लावून जागा. काल आपल्यातल्याच एकानं विचारलं, ‘तुझ्या या यंत्रानं त्या माणसाची नोकरी गेली का?’ नाही. बॉयलरवर प्रमाणपत्रधारक माणूस कायद्यानं लागतोच. नवे आकडे घातल्यावर पहिल्या रात्री ते कंट्रोलरसमोरून हलले नाहीत. चौथ्या रात्री लूप ऑटोवर ठेवून ते भट्टीकडं फेरी मारायला गेले, हे मला शिफ्टच्या वहीतून कळलं.

हंगाम संपला की व्हॉल्व्ह उघडून दुरुस्त होतो, म्हणजे पुढच्या वर्षी आकडे पुन्हा तपासायचे. मात्र तोवर ते निवृत्त झालेले असतील. म्हणून त्यांच्याबरोबर बसून तो गुणांचा तक्ता मराठीत लिहून घेतलाय, प्रत्येक ओळीपुढं ‘का’ हेही. तो आता बॉयलर हाऊसच्या कपाटात आहे.

प्रतिरूप या लॅपटॉपवर आहे. ज्यांना ऐंशी पिढ्या डोळ्यांनी पाहायच्या असतील त्यांनी जेवणानंतर प्रयोगशाळेत यावं. गुण कशाला द्यायचे ते तुम्ही सांगा. गणिताच्या सरांना पहिली पाळी.