पऱ्हाटीच्या रानात चाललेली उत्क्रांती



कृत्रिम जीवन आणि उत्क्रांती या विषयांवर दोन दिवस बोलण्यासाठी आपण नागपुरात जमला आहात. या विषयाचे आणि या भूमीचे नाते जुने आहे. १८४५ मध्ये स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी नागपुरात आले. आले धर्मप्रसारासाठी, शाळा काढली, पण फावल्या वेळात हाती हातोडी घेऊन परिसरातले खडक फोडत हिंडू लागले. आज शहराचाच भाग झालेल्या टाकळीत, लाव्हाच्या दोन थरांमध्ये सापडलेल्या गाळाच्या खडकात त्यांना आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांना गोड्या पाण्यातले शंख, माशांचे अवशेष, बिया, फळे, कीटकांची पंखकवचे सापडली. दक्षिणेकडे मांगलीला मिळालेली एका प्राचीन उभयचराची कवटी लंडनला गेली आणि रिचर्ड ओवेन यांनी १८५५ मध्ये तिचे वर्णन करून त्या प्राण्याला ‘ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स’ असे नाव दिले. डार्विनचा ग्रंथ त्यानंतर चार वर्षांनी, १८५९ मध्ये आला. हिस्लॉप १८६३ मध्ये नागपूरजवळ पुरात बुडून गेले. त्यांच्या नावाचे महाविद्यालय १८८३ पासून या शहरात उभे आहे. तिथे शिकलेल्या किती जणांना हा इतिहास ठाऊक असेल?

चंद्रपूर जिल्ह्यातल्या वरोऱ्याजवळचे पिसदुरा त्याहूनही मोलाचे आहे. तिथल्या रानात डायनोसॉरची दगड झालेली विष्ठा सापडते. वंदना प्रसाद, अशोक साहनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती बारीक करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तेव्हा तिच्यात गवताच्या पेशींत तयार होणारे सिलिकाचे कण दिसले, आणि तेही गवताच्या किमान पाच प्रकारांचे. २००५ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात हे संशोधन आले आणि डायनोसॉर नाहीसे झाल्यावरच गवत फोफावले ही समजूत बदलावी लागली. पुढे २०११ मध्ये याच अवशेषांच्या आधारे भाताच्या कुळाचा उगमही त्या काळापर्यंत मागे गेला. पूर्व विदर्भात आज जे धान पिकते, त्याची फार दूरची भावकी या मातीत डायनोसॉर चरत होते.

हा झाला खडकातला पुरावा. पण या परिषदेच्या मंडपापासून तासाभराच्या अंतरावर, कापसाच्या शेतात, उत्क्रांती आजही चालू आहे, आणि तिची किंमत शेतकरी मोजतो आहे. स्वागत समितीला आज प्रामुख्याने हेच आपल्यासमोर मांडायचे आहे.

गुलाबी बोंडअळी इथली जुनी रहिवासी. १८४३ मध्ये सॉन्डर्स यांनी तिचे पहिले शास्त्रीय वर्णन केले, ते भारतातल्या कापसावरच्या नमुन्यांवरून. मार्च २००२ मध्ये बीटी कपाशीला परवानगी मिळाली. मातीतल्या एका जिवाणूचे जनुक झाडात आले आणि अळीला मारणारे प्रथिन झाड स्वतःच बनवू लागले. २००६ मध्ये दोन प्रथिनांचे दुसऱ्या पिढीचे बियाणे आले. काही वर्षांत देशातले ९० टक्क्यांहून अधिक कापूसक्षेत्र बीटीखाली गेले. मग गुजरातच्या काही जिल्ह्यांत पहिल्या प्रथिनाला न जुमानणारी अळी आढळली आणि २०१० मध्ये ते जाहीर झाले. दुसऱ्या प्रथिनाचा बांधही पुढच्या पाच-सहा वर्षांत फुटला. २०१७ च्या हंगामात विदर्भातली बोंडे फोडली की आत गुलाबी अळ्या वळवळत होत्या आणि कवडी झालेला कापूस वेचायला मजूरही राजी नव्हते. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजुरांचे जीव गेले. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी वेगवेगळ्या राज्यांतून अळ्या गोळा करून हा प्रतिकार मोजला आणि प्रसिद्ध केला.

हे घडू नये म्हणून उपाय ठरलेला होता. प्रतिकाराचे जनुक बहुधा अप्रभावी असते. आई आणि बाप दोघांकडून आले तरच अळी वाचते. म्हणून शेताच्या कडेने साध्या कपाशीच्या किमान पाच ओळी किंवा वीस टक्के क्षेत्र अळीसाठी आश्रय म्हणून राखायचे. तिथे विषाची सवय नसलेले पतंग वाढतील, वाचलेल्या पतंगांशी त्यांचे मीलन होईल आणि पुढची पिढी पुन्हा विषाला बळी पडेल. बियाण्याच्या पिशवीबरोबर नॉन-बीटीचे १२० ग्रॅमचे वेगळे पाकीटही मिळत असे. पण तीन एकरांच्या धन्याने, कर्ज काढून पेरलेल्या रानातला पाचवा हिस्सा अळीला का सोडावा, याचे समाधानकारक उत्तर त्याला कोणी दिले नाही. ते पाकीट बहुतेक बांधावरच राहिले.

इतकेच असते तर शेतकऱ्यावर बोट ठेवून मोकळे होता आले असते. पण आपल्याकडे बीटी आली ती संकरित वाणांत. संकरित झाडाच्या बोंडात एका जनुकाचा विचार केला तर चारांतल्या एका सरकीत ते उतरतच नाही. एकाच बोंडात विषारी आणि बिनविषारी सरकी शेजारी-शेजारी, आणि गुलाबी अळी नेमकी सरकीच खाणारी. थोड्या थोड्या विषाची ओळख तिला बोंडातच होत गेली. त्यात फरदड: डिसेंबरनंतर पऱ्हाटी उपटायची सोडून मार्चपर्यंत उभी ठेवायची. अळीला जादा पिढ्या मिळाल्या. हिरवी बोंडअळी तूर आणि हरभऱ्यावरही जगते, म्हणून तुरीच्या ओळी तिच्यासाठी आपोआप आश्रय ठरल्या आणि तिच्यावर बीटी अजून बरीच चालते. गुलाबी अळीला कपाशीखेरीज फारसे दुसरे अन्न नाही. अमेरिकेत आश्रयाच्या ओळी पाळल्या गेल्या, २००६ पासून वांझ पतंग सोडले गेले आणि २०१८ मध्ये ही अळी तिथल्या कापूसपट्ट्यातून हद्दपार झाल्याचे जाहीर झाले. अळी तीच, जनुकही तेच. शेतीची रीत वेगळी.

हीच उत्क्रांती संगणकातही घडताना दिसते; आता तिकडे वळू. ‘कृत्रिम जीवन’ या नावाखाली पहिली परिषद १९८७ च्या सप्टेंबरात क्रिस्टोफर लँग्टन यांनी लॉस अलामॉसला भरवली. त्यानंतर थोड्याच वर्षांत थॉमस रे यांनी ‘टिएरा’ घडवली. रे हे उष्णकटिबंधी जंगलांचे अभ्यासक. त्यांनी संगणकाच्या स्मृतीत ८० आज्ञांचा, स्वतःची नक्कल करणारा एक पूर्वज सोडला, नकलेत चुका होऊ दिल्या आणि जागा मर्यादित ठेवली. काही काळातच ४५ आज्ञांचे परजीवी उपजले. ते स्वतःची नक्कल करू शकत नव्हते, शेजाऱ्याचा नकलेचा भाग वापरत होते. मग त्यांना दाद न देणारे यजमान उपजले, आणि त्यांनाही चकवणारे परजीवी. यातले काहीच कोणी लिहिलेले नव्हते. २००३ मध्ये लेन्स्की, ऑफ्रिया, पेनॉक आणि अडामी यांनी ‘अविडा’ या अशाच संगणकी सृष्टीत दाखवले की गुंतागुंतीचे गुण लहानलहान बदलांच्या पायऱ्यांनीच, आणि मध्येच तोटा देणाऱ्या बदलांतूनही, साकारतात.

टिएरातल्या परजीवींची कथा वाचताना यवतमाळची अळी आठवावी, अशी स्वागत समितीची आपल्याला आग्रहाची विनंती आहे. दोन्हीकडे नियम तेच: नक्कल, चूक, टंचाई, निवड. फरक इतकाच की शेतातल्या निवडीत माणूसही एक घटक आहे. ज्या संगणकी प्रतिमानात आश्रयाच्या ओळी न चुकता पेरल्या जातात आणि हंगाम वेळेवर संपतो, ते विदर्भाचे प्रतिमान नव्हे. त्यात तीन एकरांचे तुकडे हवेत, शेजाऱ्याने पाकीट फेकल्याचा परिणाम हवा, पावसाने लांबलेली पेरणी हवी, फरदडीचा मोह हवा, जिनिंगमध्ये साठलेल्या सरकीतून उडणारे पतंगही हवेत. अळीमुळे न उमललेली फुले, म्हणजे डोमकळ्या, केव्हा दिसल्या आणि कामगंध सापळ्यात रोज किती पतंग पडले, याच्या नोंदी या भागातल्या कृषी विद्यापीठांपासून गावच्या कृषी सहायकापर्यंत अनेकांकडे असतात. प्रतिमान बांधणाऱ्यांना त्याहून चांगली सामग्री कुठे मिळेल?

या चर्चेत जीवाश्मांचे अभ्यासक, सूक्ष्मजीवांचे अभ्यासक, संगणकाचे लोक आणि कीटकशास्त्रज्ञ एकाच मांडवात बसले आहेत, याचा समितीला विशेष आनंद वाटतो. सूक्ष्मजीवांच्या अभ्यासकांसाठीही इथे विषय आहे: लोणारच्या खाऱ्या सरोवराचे पाणी जून २०२० मध्ये गुलाबी झाले, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्यामागे मिठात वाढणारे सूक्ष्मजीव असल्याचे दाखवले. तेही आपल्या विदर्भातले, उल्केच्या आघाताने झालेल्या विवरातले. अशा ठिकाणांसाठी एखादा दिवस राखून ठेवावा.

एक मागणी मात्र समिती जाहीरपणे करते. इथे जे निष्कर्ष निघतील, त्यांतले शेतीला लागू पडणारे पेरणीपूर्वी, म्हणजे मे महिन्याच्या आत, मराठीत लिहून कृषी सेवा केंद्रांपर्यंत आणि ग्रामसभांपर्यंत पोहोचवावेत. पाच ओळी कशासाठी राखायच्या, फरदड का टाळायची आणि शेजाऱ्याच्या शेताशी आपल्या शेताचा काय संबंध, हे कारणांसह सांगावे. त्यासाठी लागणारे भाषांतर, छपाई आणि गावोगावच्या बैठका यांची जबाबदारी उचलायला नागपूरची स्वागत समिती तयार आहे. या विनंतीसह समिती आपणा सर्वांचे नागपूरनगरीत मनःपूर्वक स्वागत करते आणि अध्यक्षांना परिषदेचे कामकाज सुरू करण्याची विनंती करते.