मावशीला उभं राहता येत नाही

माझी मावशी लातूरची, पोलिओमुळे व्हीलचेअरवर. मॅमोग्राफीला नांदेडला नेलं, तर एका सेंटरवर म्हणाले, "मशीनपुढे उभं राहा." तशीच परत आणली. मी बीटेकवाली, आधी ॲपच सुचलं! पण अडलं होतं मशीनपाशी.

मग कळलं, टाटा हॉस्पिटलने मुंबईत १९९८ पासून दीड लाख बायकांचा अभ्यास केला. त्यातल्या निम्म्यांचे स्तन प्रशिक्षित सेविकांनी दर दोन वर्षांनी हातानेच तपासले. पन्नाशीपुढच्या बायकांत स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास ३० टक्के घटले. सरकारी कार्यक्रमातही तिशीनंतर हाताने तपासणी आहेच. गाठ लागली, तर सोनोग्राफीही झोपूनच होते.

आरोग्य केंद्रातल्या सिस्टरना विनंती केली. त्या घरी आल्या, खाटेवरच तपासलं.

मावशी म्हणाली, "एवढंच व्हतं व्हय?"